सामायिक विमानाला एक पाटकरी नेमा

काका, डॉक्टर, वकीलसाहेब, शिरोलीचे दादा आणि पुण्यात बसलेल्या आपल्या धाकट्या भावा,

सगळ्यांना रामराम. एक विमान चार-सहा जणांत वाटून घेतलेले आणखी कुणी हे वाचत असतील तर त्यांनाही.

हे ग्रुपवर न टाकता असं उघड्यावर लिहितोय, कारण ग्रुपवर टाकलं की काय होतं ते गेल्या तीन वर्षांत बघितलंय. चार अंगठे येतात, दादांचे जोडलेले हात येतात, मग कुणीतरी रंकाळ्यावरच्या सूर्यास्ताचा फोटो टाकतं आणि विषय वर सरकून जातो. तेव्हा म्हटलं जरा लांबलचकच लिहावं, चहा घेऊन बसा.

विषय तोच, जीपीएसचा डेटाबेस. म्हणजे विमानातल्या दोन जीपीएसच्या पोटात विमानतळ, धावपट्ट्या, फ्रिक्वेन्सी यांची जी माहिती भरलेली असते ती; एक जीपीएस वरचा, दुसरा खालचा जुना, 430 मॉडेलचा.

22 फेब्रुवारी 2026 चा रविवार. सकाळी उजळाईवाडीच्या आपल्या विमानतळावर गेलो, गोव्यात मोपाला जाऊन दुपारपर्यंत परत यायचं असा बेत, हवा एकदम स्वच्छ, पन्हाळा आणि जोतिबाचा डोंगर शेजारच्या घरासारखा दिसत होता. फ्लाइट प्लॅन भरला होता, एडीसी नंबर, म्हणजे हवाई संरक्षणाची परवानगी, मिळाला होता, पेट्रोल मोजलं, ऑइल बघितलं, टायर बघितले, म्हणजे चेकलिस्टमध्ये जे जे लिहिलंय ते सगळं केलं. इंजिन चालू करून एव्हिऑनिक्स मास्टर, म्हणजे रेडिओ-जीपीएसचा मुख्य स्विच, टाकला, वरच्या जीपीएसनं सुरुवातीचं पान दाखवलं, त्यात डेटाबेसच्या तारखा होत्या, आणि मी काय केलं तर ओके दाबलं. तुम्ही सगळे करता तेच. तारीख डोळ्यासमोर होती पण वाचली नाही, मोबाइलवर अटी आणि शर्तींचं पान येतं ते जसं वाचतो तसं.

आंबोलीच्या अलीकडे वरचा जीपीएस गचकला. पूर्ण काळा नाही झाला, आपला तो मधूनच रिस्टार्ट होतो तो प्रकार. काही घाबरण्यासारखं नव्हतं, घाट खाली दिसत होता, पलीकडे कोकण दिसत होतं, पण हाताशी असावं म्हणून खालच्या जुन्या 430 मध्ये मोपाचा चार अक्षरी कोड, व्हीओजीए, टाकायला गेलो. बटण फिरवत व्ही, ओ, जी एवढं लावलं आणि त्यानं लगेच पुढचं अक्षर स्वतःच भरून दिलं, ओ. व्हीओजीओ. म्हणजे गोव्यातलंच दुसरं विमानतळ, दाबोळी! मी परत फिरवून ए लावायला गेलो तर व्हीओजीए असं काही त्याच्या पोटात नव्हतंच. मोपाचं विमानतळ 11 डिसेंबर 2022 ला उद्घाटन होऊन 5 जानेवारी 2023 ला चालू झालं, आणि आपल्या खालच्या जीपीएसमधला डेटाबेस 2022 च्या पावसाळ्यातला. त्याच्या हिशेबानं मोपा अजून नुसता सडा आहे, दगड आणि काजूची झाडं.

एका अक्षराचा फरक आहे बघा. घाईत असतो, ढग असते, शेजारी बसलेला पाहुणा उलटी करत असता, तर मी ते व्हीओजीओ मान्य करून बसलो असतो आणि नौदलाच्या हवाईतळाकडे नाक करून निघालो असतो. पुढं रेडिओवर जे ऐकून घ्यायला लागलं असतं ते वेगळंच.

वरचा दोन मिनिटांत परत आला, मोपाला उतरलो, चहा घेतला, आणि परत येऊन हँगरमध्ये बसून सगळं तपासलं. वरच्या जीपीएसमध्ये 2513 ची सायकल, म्हणजे डेटाबेसची आवृत्ती. ती 25 डिसेंबरला लागू झाली आणि 22 जानेवारीला संपली. त्यानंतर 2601 आली आणि गेली, 19 फेब्रुवारीला 2602 लागू झाली, म्हणजे आपण दोन सायकली मागं. टेक-लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत, नोंद नाही. डॅशबोर्डच्या खणात एक पिवळी चिठ्ठी सापडली, त्यावर लिहिलंय, "डेटाबेस अपडेट केला". कुणी, कधी, कुठला, काही नाही. अक्षर वकीलसाहेबांसारखं वाटतं पण मी म्हणत नाही.

धाकटा म्हणेल की एवढं काय त्यात, पुण्याला जाताना हायवे दिसतो की. म्हणून सायकल म्हणजे काय ते एकदा सगळ्यांसाठी लिहून टाकतो, दोन चाकांची नव्हे. जगभरात विमानतळ, धावपट्ट्या, फ्रिक्वेन्सी, हवाई मार्ग, उतरण्याच्या पद्धती यांत बदल होत राहतात. हे बदल प्रत्येक देशानं मनाला येईल त्या दिवशी लागू केले तर गोंधळ होईल, म्हणून आयकाओनं, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेनं, ठरवून दिलंय की मोठे बदल दर 28 दिवसांनी, गुरुवारी, लागू करायचे. याला एआयरॅक म्हणतात. वेळ जागतिक घड्याळाप्रमाणे मध्यरात्रीची, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाच. वर्षाला साधारण 13 सायकली बसतात, 2020 साली 14 बसल्या होत्या कारण पहिली 2 जानेवारीला पडली आणि शेवटची 31 डिसेंबरला. आणि बदलांचे कागद निदान 28 दिवस आधी हातात पडायला हवेत असाही नियम आहे, कारण ते वाचून डेटाबेस बनवणाऱ्यांना वेळ लागतो. नवी मुंबईच्या विमानतळावरून 25 डिसेंबर 2025 ला पहिली प्रवासी विमानं उडाली, तो वार बघा, गुरुवार, आणि 2513 लागू झाली तो दिवसही तोच.

गुरुवार लक्षात ठेवायला आपल्याला अवघड जाऊ नये. आपल्यातले दोघं दर गुरुवारी नरसोबाच्या वाडीला जातात. गेल्या वेळचा गुरुवार तर 19 फेब्रुवारी, शिवजयंती होती, सगळं कोल्हापूर रस्त्यावर होतं, त्या दिवशी कुणी लॅपटॉप उघडला नाही याबद्दल माझी काही तक्रार नाही. 22 जानेवारीला काय होतं?

आता तुमचे मुद्दे घेतो, कारण हे मी सगळ्यांकडून वेगवेगळं ऐकलंय.

दादा म्हणतात आपण व्हीएफआरवाले, डोळ्यांनी बघून उडवतो, जीपीएस नुसता शोभेला. दादा, शोभेला असता तर गेल्या दिवाळीत हुबळीवरून येताना तुम्ही जीपीएसच्या पडद्यावरच्या त्या गुलाबी रेषेवरून एकदाही नजर काढली नाही ती का? आपण सगळे त्या रेषेवर उडतो आणि बाहेर बघतो असं म्हणतो. बरं, डोळ्यांनी उडणाऱ्यालाही कुठल्या टॉवरशी कुठल्या फ्रिक्वेन्सीवर बोलायचं, कुठल्या हद्दीत शिरायचं नाही, हे त्याच डब्यातून बघायची सवय लागलेली असते. अडथळ्यांचा डेटाबेस तर वेगळाच असतो, त्याची सायकल 28 ची नाही, 56 दिवसांची. साताऱ्याच्या चाळकेवाडीचं पठार, पाटणजवळ वनकुसवडे, तिथं पवनचक्क्यांचं रान माजलंय. ढग खाली आलेले असताना तुम्ही पठाराच्या अंगानं जात असाल तर कुठली पवनचक्की डब्याला माहीत आहे आणि कुठली नाही हे तुम्हाला कोण सांगणार?

डॉक्टर म्हणतात आपल्या भागात असं बदलतंय काय मोठं. डॉक्टर, आपल्याच उंबऱ्यातलं बघा. राजाराम महाराजांनी 1939 साली सुरू केलेलं हे विमानतळ, इथली धावपट्टी 1370 मीटरची होती ती 1930 मीटर झाली. नवी टर्मिनल 2024 च्या मार्चमध्ये आली. खाली चिपी 2021 च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालं, मग मोपा, शिवमोग्गा 2023 मध्ये, आता नवी मुंबई. आपल्या विमानाच्या एका टाकीत पोचता येईल अशा टापूत पाच वर्षांत एवढं झालंय, आणि प्रत्येक नव्या विमानतळाबरोबर त्याच्या भोवतीची हवाई हद्द, तिची फ्रिक्वेन्सी, येण्याजाण्याच्या वाटा हे सगळं नवं आलं.

पावसाळ्यात तुमच्या बहिणीचं घर शाहूपुरीत, बरोबर? राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा आणि 43 ला धोका, हे शाळेतलं पोरगंपण सांगतं. तेव्हा तुम्ही दर तासाला आकडा बघता. परवाचा आकडा बघून कुणी खालच्या मजल्यावरचं सामान ठेवायचं की हलवायचं हे ठरवतं का? 2019 ला ज्यांनी ठरवलं त्यांचे फ्रिज आपण सगळ्यांनी पाण्यात तरंगताना बघितलेत.

धाकट्याचा मुद्दा सगळ्यात भारी, टॅब आहे की. आहे ना, आणि तिथंच खरा घोळ आहे. आपल्या सहाजणांचे सहा टॅब, प्रत्येकाचं ॲप वेगळ्या तारखेला अपडेट झालेलं, वरचा जीपीएस एका तारखेचा, खालचा तिसऱ्याच जमान्यातला. एका कॉकपिटमध्ये तीन पंचांगं घेऊन आपण लग्नाचा मुहूर्त काढतोय. कोलंबियात 20 डिसेंबर 1995 ला कालीजवळ अमेरिकन एअरलाइन्सचं 965 नंबरचं विमान डोंगराला धडकलं, 159 माणसं गेली. त्यांच्या हातातल्या नकाशावर एका रेडिओ बीकनचं अक्षर होतं आर, नाव रोझो. पण विमानातल्या कॉम्प्युटरमध्ये नुसतं आर टाकलं की रोझो येत नव्हता, बोगोटाजवळचा रोमिओ नावाचा दुसराच बीकन येत होता, रोझो हवा असेल तर पूर्ण नाव टाकायला लागायचं. त्यांनी आर टाकलं, विमान डावीकडं वळलं, रात्र होती, डोंगर होते. पायलटांच्या चुका होत्याच, त्या चौकशीत आल्या, पण कागद एक सांगतोय आणि डबा दुसरंच ऐकतोय हे त्या रात्री तिथं झालं. माझं व्हीओजीओ म्हणजे त्याचं भरदिवसाचं, बिनपावसाचं, नशिबाचं रूप होतं एवढंच.

काका मात्र काही बोलत नाहीत, नुसते हसतात. काकांच्या काळात जेपसनच्या नकाशांची जाडजूड फाइल असायची आणि दर थोड्या दिवसांनी रिव्हिजनचं पाकीट यायचं, त्यातलं एकेक पान काढून जुनं फाडायचं, नवं घालायचं. काका सांगतात रविवारची सकाळ त्यातच जायची, बायको वैतागायची. हा जेपसन म्हणजे एल्रे जेपसन, अमेरिकेतला टपाल विमानं उडवणारा पायलट, स्वतःसाठी काळ्या वहीत धावपट्ट्यांच्या लांब्या, टेकड्यांच्या उंच्या लिहून ठेवायचा. बाकीचे पायलट मागायला लागले म्हणून 1934 पासून दहा डॉलरला विकायला लागला. म्हणजे सुरुवातच अशी की एकानं लिहायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या भरवशावर उडायचं. पान फाडण्यात एक गोष्ट मात्र चांगली होती, हाताला कळायचं काय बदललं ते. आता बारा मिनिटांत बार हिरवा होतो आणि आपल्याला घंटा कळत नाही आत काय गेलं.

माझा राग अपडेट न करण्यावर आहेच, पण खरं सांगू का, त्याच्याहून जास्त राग न सांगण्यावर आहे. न्यूझीलंडचं ते विमान आठवा, 28 नोव्हेंबर 1979, अंटार्क्टिका बघायला निघालेलं डीसी-10. वैमानिकांना एक मार्ग समजावून सांगितलेला होता, सामुद्रधुनीवरून सपाट जाणारा. आदल्या रात्री कंपनीच्या जमिनीवरच्या कॉम्प्युटरमध्ये शेवटच्या पॉइंटचे आकडे कुणीतरी बदलले. चूक दुरुस्त केली असाच त्यांचा समज होता. पण सकाळी उडणाऱ्यांना कुणी सांगितलं नाही. नव्या आकड्यांनी विमान एरेबस डोंगरावर नेलं, 257 जण. न्यायमूर्ती मॅहन यांच्या आयोगानं मुख्य कारण म्हणून हेच ठेवलं, मार्ग बदलला आणि क्रूला सांगितलं नाही.

आपली पिवळी चिठ्ठी आठवा आता.

आणि आपल्याकडं अडतं कुठं तेही सांगतो, कारण कुणी आळशी आहे असं मला म्हणायचं नाही. सबस्क्रिप्शन विमानातल्या यंत्राच्या नंबराशी बांधलेलं आहे पण लॉगिन डॉक्टरांच्या ईमेलवर आहे आणि ओटीपी डॉक्टरांच्या मोबाइलवर येतो. डॉक्टर असतात ओटीत, ऑपरेशन थिएटरात. ओटीतल्या माणसाकडं ओटीपी मागायचा कसा? जानेवारीत त्यांचं क्रेडिट कार्ड बदललं, पैसे कटले नाहीत, मेल आला तो प्रमोशनच्या कप्प्यात गेला, 2601 तिथंच बुडाली. वरच्या जीपीएसला साधं एसडी कार्ड चालतं, पण खालच्या 430 ला त्याचं स्वतःचं वेगळ्या बनावटीचं कार्ड आणि ते लिहायला यूएसबीचा खास रायटर लागतो. तो रायटर शेवटचा मी दादांच्या फाउंड्रीच्या ऑफिसात बघितला होता, दादा म्हणतात पुण्याला गेला, पुणेकर म्हणतो मी दिला होता. आणि हँगरमध्ये नेट असं आहे की एक फोटो जायला दोन चहा लागतात. मग माणूस काय करतो, कार्ड खिशात घालून घरी नेतो, रात्री करू म्हणून. रात्री पाहुणे येतात. सकाळी दुसरा भागीदार उडायला येतो तर यंत्राच्या खाचेत कार्डच नाही, नुसतं भोक. हे आपल्याकडं दोनदा झालंय, दोन्ही वेळा ज्याचा खिसा होता तो आता हे वाचताना मान हलवत असेल.

अजून एक बारीक गोष्ट. नवी सायकल लागू व्हायच्या काही दिवस आधीच डाउनलोडला येते. 430 च्या कार्डावर एकावेळी एकच मावते. उत्साहानं मंगळवारीच लिहून टाकलं तर बुधवारी उडणारा माणूस उद्याच्या डेटावर आजचं विमान चालवतो. म्हणून 430 साठी दुसरं एक कार्ड घेऊन ठेवायचं आणि गुरुवारी किंवा त्यानंतरच्या पहिल्या उड्डाणाआधी, यंत्र बंद असताना, बदलायचं.

बारभाईची शेती, काय लागणार हाती, ही म्हण आपल्या बापजाद्यांनी उगीच नाही केली. माझं आजोळ शिरोळ तालुक्यात. तिथं सहा भावबंदांची एक सामायिक विहीर होती, मोटर एक, स्टार्टर एक, पाळी ठरलेली. पाणी घ्यायच्या वेळी सहाही हजर, रात्री दोनलासुद्धा. पण मोटरचं बेअरिंग वाजायला लागलं तेव्हा सहाही जणांनी ते ऐकलं, आणि सहाही जणांनी समजून घेतलं की बाकीच्या पाचांतलं कुणीतरी बघतंय. मोटर जळली ती भर एप्रिलात. आडसाली ऊस होता, मामा अजून त्या वर्षाचं नाव घेतलं की गप्प होतात.

त्याच गावात पाणीपुरवठा संस्थेची दुसरी एक लाइन होती, नदीवरून. तिथं भागधारक तीनशेच्या वर, तरी कधी एवढा खेळ झाला नाही. कारण तिथं पाटकरी होता. एकटा माणूस, खांद्यावर फावडं, खिशात मेणकापडात गुंडाळलेली डायरी. कुणाचं पाणी कधी चालू झालं, कधी बंद केलं, कुठला व्हॉल्व गळतोय, सगळं त्या डायरीत. त्याचा स्वतःचा तिथं गुंठाभरही ऊस नव्हता. पण चेअरमनची पाळी संपली तर चेअरमनच्या बांधावर जाऊन ओरडायचा, तात्या, झालं तुमचं, बंद करतोय. आणि चेअरमन गप ऐकायचे. मला आपल्या विमानाला असा माणूस हवाय.

म्हणजे पाळीपाळीनं नको. एक महिना डॉक्टर, एक महिना मी, असं आपण 2024 मध्ये करून बघितलं, तिसऱ्या महिन्यात वकीलसाहेबांना वाटलं माझी पाळी, मला वाटलं त्यांची. एकानंच वर्षभर बघायचं, दुसरा एक त्याच्या मागं, पहिला गावाला गेला तर. लॉगिन कुणाच्याही खासगी ईमेलवर नको, विमानाच्या नावाचा एक ईमेल काढू आणि त्याचा पासवर्ड सहाजणांकडं राहील, नंबर पाटकऱ्याचा. पैसे विमानाच्या सामायिक खात्यातून, तेवढ्यासाठी दरमहा वर्गणीत थोडी वाढ करायला लागली तर मी हो म्हणून मोकळा. पाटकऱ्यानं सायकल घातली की टेक-लॉगमध्ये सायकलचा नंबर, तारीख, सही, आणि वरचा-खालचा दोन्ही. मग ग्रुपवर एक ओळ, पण ती ओळ "अपडेट केला" एवढीच नको. एआयपीच्या, म्हणजे देशाच्या अधिकृत विमान माहिती पुस्तिकेच्या, दुरुस्त्या आणि सप्लिमेंट चाळून आपल्या टापूतलं काय बदललं तेही लिहायचं, कोल्हापूर, बेळगाव, पुणे, मोपा, हुबळी एवढंच बघायचं, अर्ध्या तासाचं काम आहे. काही बदललं नसेल तर "काही नाही" असं लिहायचं.

आणि बाकीच्या पाचांचं काम एवढंच की एव्हिऑनिक्स मास्टर टाकल्यावर ते पहिलं पान आलं की दोन्ही तारखा मोठ्यानं वाचायच्या. विमानात एकटं असलात तरी. कुणी ऐकत नाही, लाजू नका. वाचल्यावरच ओके. मी 22 तारखेनंतर तीन वेळा केलं, पहिल्यांदा येड्यासारखं वाटतं, मग सवय होते.

संपलेला डेटाबेस दिसला तर काय, हा प्रश्न वकीलसाहेब नक्की काढणार. माझं मत असं, दिवस आहे, हवा स्वच्छ आहे, जवळच जायचंय, तर जाण्याआधी चालू कागदांवरून जिथं जायचं तिथलं सगळं पडताळून घ्या, नोटॅम, म्हणजे वैमानिकांसाठीच्या ताज्या सूचना, बघा आणि जा, जीपीएसला पाहुण्यासारखं वागवा. पण ढगातून जीपीएसच्या ॲप्रोचवर, म्हणजे उतरण्याच्या ठरलेल्या वाटेनं, खाली उतरायचं असेल तर चालू सायकल हवीच, आपल्या फ्लाइट मॅन्युअलला जोडलेल्या जीपीएसच्या सप्लिमेंटमध्ये तसं लिहिलंय, मी 22 तारखेला रात्री ते पहिल्यांदा नीट वाचलं, खोटं कशाला बोलू. आणि ॲप्रोचचे पॉइंट हातानं टाकायचे नसतात, ते डेटाबेसमधूनच नावानं उचलायचे असतात. त्यामुळं "मी बघून टाकतो की हातानं" हा आपल्या धाकट्याचा उपाय तिथं चालत नाही. डॉक्टर, काका आणि मी, तिघांकडं इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे बाहेर न दिसता यंत्रांवर उडवायचा परवाना, आहे, पावसाळ्यात मोह आपल्याच तिघांना होणार. आपल्या देशाचं गगन आहे, म्हणजे उपग्रहांवरून जीपीएस जास्त अचूक करणारी यंत्रणा, 28 एप्रिल 2022 ला किशनगडला त्यावर पहिल्यांदा एअरलाइनचं विमान उतरवून झालंय, उद्या आपल्याकडच्या लहान विमानतळांवरही असले ॲप्रोच वाढतील. उपग्रह कितीही अचूक असला तरी तो तुम्हाला फक्त तुम्ही कुठं आहात ते सांगतो. धावपट्टी कुठं आहे ते त्या कार्डावर असतं, आणि ते कार्ड आपल्याकडं कुणाच्या तरी विजारीच्या खिशात.

बाहेरचे कुणी वाचत असतील तर एकच विचारतो, तुमच्या विमानातल्या दुसऱ्या जीपीएसची तारीख आत्ता न बघता सांगता येईल का? पहिल्याची सगळे सांगतात.

आता आपलं. पुढची सायकल 2603, लागू 19 मार्च, गुरुवार, आणि त्या दिवशी गुढीपाडवा आहे. नवं पंचांग आणि नवा डेटाबेस एकाच दिवशी, असा योग मी जुळवून आणलेला नाही. गावाकडं सालगड्याचं साल पाडव्यालाच सुरू होतं, तसंच आपल्या पाटकऱ्याचं करू. पहिल्या वर्षी मी करतो, माझी ना नाही, मागं उभं राहायला काकांनी हो म्हटलं तर मला बरं वाटेल, कारण रिव्हिजनची पानं फाडलेला आपल्यात तेवढा एकच माणूस आहे. गुढी उभारून, श्रीखंड खाऊन झालं की दुपारी चारला हँगरवर या सगळेजण. डाउनलोड मी आदल्या रात्री घरून करून आणतो, तिथल्या नेटच्या भरवशावर राहायचं नाही. डॉक्टरांनी मोबाइल चालू ठेवावा, शेवटचा ओटीपी तुमच्याकडूनच घ्यायचाय, मग तुम्ही सुटला.

आपला,
खालच्या 430 वर दाबोळीला निघालेला भागीदार

ता.क. यूएसबीचा रायटर ज्याच्याकडं असेल त्यानं काही न बोलता टेक-लॉगच्या खणात ठेवून दिला तरी चालेल. मी विचारणार नाही कुणाकडं होता.